पावसाळ्यासाठी ठेवलेला मध

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात सुरगाणा तालुक्यातील एका मधपाळ भगिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मला इथं बोलायला सांगितलं तेव्हा मी ताईंना म्हटलं, मला भाषण येत नाही, मला मध काढता येतो. ताई म्हणाल्या, मग तेच सांग. म्हणून येताना ही एक बाटली घेऊन आले. बाहेरच्या टेबलावर तुम्ही ती पाहिली असेल. बाटलीवर माझं नाव आहे, कारण बचत गटाचं खातं माझ्या नावावर आहे. पण चिठ्ठी लहान असते, तिच्यावर एकच नाव मावतं. मागं किती माणसं आहेत ते तिच्यावर लिहिलेलं नाही. आज त्या माणसांबद्दल सांगते.

सगळ्यात आधी माझे सासरे.

आमचं गाव डोंगराच्या उतारावर आहे. भात, नागली, वरई आणि खुरासणी एवढंच पिकतं, तेही पावसावर. सासऱ्यांची जमीन दीड एकर. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते आग्या मोहोळ काढणारा माणूस म्हणून. आग्या माशी ही सगळ्यात मोठी आणि तापट. उंच झाडाच्या फांदीला नाही तर कड्याला ती एकच मोठं पोळं लावते. सासरे अंधाऱ्या रात्री जायचे. कमरेला दोर, एका हातात पेटती चूड, दुसऱ्या हातात कोयता. खाली दोन माणसं डबा धरून उभी. धुरानं आणि जाळानं माशा उठल्या की सगळं पोळं कापायचं आणि घरी आणून पिळायचं. त्यात मध यायचा, पिलंही यायची, परागही यायचे. असा मध टिकत नाही, थोड्या दिवसांत आंबतो. व्यापाऱ्याला ते माहीत असायचं, म्हणून तो देईल त्या भावाला द्यावा लागायचा.

२०११ च्या उन्हाळ्यात एका रात्री ते झाडावरून पडले. कमरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पण त्यानंतर काठीशिवाय चालता आलं नाही. घरातला कर्ता माणूस ओट्यावर बसला.

मग आम्ही द्राक्षाला जायला लागलो. आमच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. शहरातल्या मंडळींसाठी सांगते. दिवाळीच्या पुढे-मागे गावात ट्रक नाही तर पिकअप येते. माणसं, मुलं, भांडी, कोंबड्या सगळं त्यात चढतं आणि दिंडोरीकडच्या बागांमध्ये उतरतं. थिनिंग, डिपिंग, मग काढणी. होळीपर्यंत तिकडेच. मजुरी मिळते, नाही असं नाही. पण माझ्या मुलीनं अर्धं वर्ष शाळा पाहिली नाही. मुलगा तर बागेतच चालायला शिकला.

आमच्याकडे मधपेट्या आल्या २०१४ मध्ये. एका योजनेतून पाच पेट्या मिळाल्या. आमचे मालक त्याआधी महाबळेश्वरला मध संचालनालयाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. या पेटीत आग्या माशी राहत नाही. ती मोकळ्यावरची. पेटीत राहते सातेरी. ही लहान आणि शांत माशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीत अंधारात राहते, आणि एकाशेजारी एक अशी सहा-सात पोळी बांधते. पेटीला दोन खण असतात. खालच्या खणात राणी अंडी घालते, तिथं पिलं वाढतात. वरच्या खणात माशा जादा मध साठवतात. पोळ्यावर मेणाची झाकणं आली की मध पिकला असं समजायचं. मग झाकणं खरवडून चौकट यंत्रात फिरवायची. मध बाहेर पडतो, पोळं शाबूत राहतं, आणि ते परत पेटीत ठेवता येतं. माशीला घर पुन्हा बांधावं लागत नाही.

कागदावर हे फार सोपं आहे. आमच्या पाच पेट्यांपैकी तीन पहिल्याच वर्षी रिकाम्या झाल्या. एक भर उन्हात ठेवली होती. दुसरीला मुंग्या लागल्या. तिसरीत मेणकिडा पडला, पोळ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं झालं आणि माशा उठून गेल्या. कुणाला विचारावं तर ज्यांनी पेट्या दिल्या त्यांचा माणूस वाटपाच्या दिवशी फोटो काढून गेला, तो परत आलाच नाही. गावात लोक हसायला लागले. म्हणाले, फुकटच्या पेट्या, आता कोंबड्या खुडवायला घ्या.

तेव्हा सासरे ओट्यावरून म्हणाले, "उरलेल्या दोन माझ्यासमोर आणून ठेवा."

आम्ही त्या अंगणातल्या आंब्याखाली त्यांच्या समोर ठेवल्या. पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आणि त्या दिवसापासून ज्या माणसानं जन्मभर मोहोळं जाळली तो दिवसभर पेटीच्या दाराकडे बघत बसायला लागला. पेटी न उघडता ते आत काय चाललंय ते सांगायचे. माशा पायाला पिवळे गोळे लावून आत जातायत, म्हणजे पराग जातोय, म्हणजे आत पिलं आहेत, राणी ठीक आहे. पराग जाणं थांबलं, की ते मालकांना हाक मारायचे, "उघडून बघ रे, राणी आहे का." दारात माशा एकमेकींशी झटापट करायला लागल्या, की म्हणायचे दुसऱ्या पेटीतल्या चोरी करायला आल्यात, दार लहान करा. आमचे मालक प्रशिक्षणात दहा दिवसांत जे शिकले त्याला पुढं वाढवलं ते सासऱ्यांनी.

रानातल्या सातेरीच्या जागाही त्यांनाच ठाऊक. कुठल्या सादड्याच्या ढोलीत, कुठल्या वारुळात. ते सांगायचे, मालक आणि माझा दीर जायचे. पोळी हलक्या हातानं कापायची, पिलांची पोळी लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं बांधायची. राणी सापडली की तिला छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची. राणी पेटीत गेली की बाकीच्या आपोआप मागं येतात. दोन-तीन दिवसांत माशा पोळं चौकटीला चिकटवून घेतात. अशा पद्धतीनं २०१८ पर्यंत आमच्या २४ पेट्या झाल्या.

दुसरं माणूस माझ्या सासूबाई. पेट्यांचं आवार, पाणी, मेण हे सगळं त्यांच्याकडे. पोळ्यांचा उरलेला चुरा त्या उकळत्या पाण्यात टाकतात, फडक्यातून गाळतात, थंड झालं की वर मेणाची वडी येते. नवीन पेटीला आतून तेच मेण चोळतात, त्या वासानं माशा टिकतात. सासूबाईंना लिहिता येत नाही. पण कोणत्या पेटीत किती मध निघाला हे भिंतीवर कोळशाच्या रेघांनी त्यांनीच मांडून ठेवलेलं. आमची पहिली हिशोबाची वही म्हणजे ती भिंत.

आमच्याकडे चांगल्या साली एका पेटीतून चार किलोच्या आसपास मध निघतो. माघ-फाल्गुनात आंबा, मग जांभूळ, करंज, हिरडा. तो मध उन्हाळ्यात काढायचा. पावसाळा संपल्यावर खुरासणी फुलते तेव्हा थोडा. आम्ही वणीच्या गडावर चैत्राच्या यात्रेत विकायला लागलो, मग बचत गटातून नाशिकला. २०१६ नंतर आम्ही द्राक्षाला गेलो नाही. मुलं सलग शाळेत बसली. मधानं आम्हाला श्रीमंत केलं नाही. मधानं आम्हाला गावात ठेवलं.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, याचा मी गाडीत बसून विचार करत होते. पण चांगलं तेवढंच सांगितलं तर तुमच्या उपयोगाचं होणार नाही.

सासऱ्यांनी घरात एक नियम घातला होता. रोहिणी नक्षत्र लागलं की मध बंद. म्हणजे २५ मेच्या सुमाराला. त्यानंतर वरच्या खणाला हात लावायचा नाही. आणि खालच्या खणातला मध तर कधीच काढायचा नाही. कारण आमच्याकडे आषाढ-श्रावणात पंधरा-पंधरा दिवस पाऊस उघडत नाही. माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलात काही नसतं, सगळं धुऊन गेलेलं. साठवलेल्या मधावरच ती ते दोन महिने काढते.

२०१९ मध्ये मुलगी बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. आमच्या पाड्यावरून तोपर्यंत कुणी गेलेलं नव्हतं. जूनच्या मध्यापर्यंत पैसे भरायचे होते आणि १५ हजार कमी पडत होते. सावकाराकडे जायचं नव्हतं. त्या दिवसांत पेट्यांमध्ये पावसासाठी ठेवलेला मध होता. मी म्हटलं, काढू या. मालक गप्प राहिले. सासरे म्हणाले, "मृग लागलाय. आता त्यांचं त्यांना राहू द्या." मी म्हटलं, "बाबा, साखरेचा पाक घालू की." त्यांनी नंतर काही म्हटलं नाही. घरातली मुलगी शिकते आहे, तिथं ते तरी काय बोलणार.

आम्ही २४ पेट्यांतून दीड-दीड किलो काढला. काही पेट्यांच्या खालच्या खणातूनसुद्धा. ३६ किलो झाला. ४०० रुपयांनी १४,४०० रुपये आले. मुलगी गेली.

मग जो पाऊस लागला तो तुम्हाला आठवत असेल. पाक घालायचा म्हणजे साखर हवी, आणि सगळे पैसे फीला गेले होते. जी थोडी साखर आणली ती चोवीस घरांना पुरली नाही. पोळ्याच्या सणाच्या सुमारास मालकांनी पेट्या उघडल्या. ११ पेट्या रिकाम्या. काहींच्या माशा उठून गेल्या होत्या. तीन पेट्यांमध्ये त्या तळाला मरून पडल्या होत्या. डोकी पोळ्याच्या रिकाम्या घरांत खुपसलेली होती. शेवटचा थेंब शोधत होत्या.

सासरे मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त रिकाम्या पेट्या एकीकडे लावत राहिले, काठी टेकत टेकत.

मुलानं नंतर हिशोब करून दाखवला. ३६ किलो मध काढला. अकरा पेट्यांचे चार-चार किलो धरले तर पुढच्या वर्षी ४४ किलो बुडाला. आणि तो एकाच वर्षी नाही. त्या वसाहती पुन्हा उभ्या करायला दोन वर्षं लागली. सावकाराचं व्याजसुद्धा त्याहून स्वस्त पडलं असतं.

त्या दिवाळीनंतर मालक परत द्राक्षाला गेले. एकटेच गेले, मुलाला नेलं नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ते दिंडोरीकडे अडकले आणि दोन दिवस चालत घरी आले.

आता तिसरं माणूस. हे आमच्या घरचे नाहीत. आमच्या बांधाला बांध असलेले शेजारचे काका. त्यांचा आणि आमच्या पेट्यांचा उभा दावा होता. त्यांच्या बैलाला एकदा माशा चावल्या होत्या, तेव्हापासून त्यांनी आम्हाला त्यांच्या बाजूच्या बांधावर पेटी ठेवू दिली नाही तर नाहीच. २०१९ च्या शेवटी, खुरासणी झोडून झाल्यावर ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. सासऱ्यांना म्हणाले, "औंदा खुरासणी फोल निघाली. बोंडं आहेत, दाणा नाही. तुझ्या माशा कुठं गेल्या?"

त्या वर्षी अवकाळी पाऊसही झाला होता, तेव्हा सगळा दोष माशा नसण्यावर घालता येणार नाही. पण त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. खुरासणीच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पडला तरच दाणा भरतो. ते काम माशी करते. आमच्या पेट्या होत्या त्या पाच वर्षांत काकांचा दाणा चांगला भरत होता, आणि ते आम्हाला शिव्या देत होते. आता ते म्हणाले, "माझ्या बांधावर ठेव चार."

सासरे म्हणाले, "ठेवायला माशी पाहिजे ना."

काका काही बोलले नाहीत. पण पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा सांगत आला, नदीकडच्या उंबराच्या ढोलीत सातेरी आहे, बाबांनी पोरांना ती पिळू दिली नाही, तुम्ही घेऊन जा. मग दुसऱ्याचा निरोप आला, तिसऱ्याचा आला. आधी आमच्याकडे मोहोळ दिसलं की धूर घालायचा आणि पिळायचं, हीच रीत. आता गावात सातेरी दिसली की पहिला निरोप आमच्याकडे येतो. फुलोऱ्यात असताना फवारणी करायची नाही, करावीच लागली तर संध्याकाळी माशा घरी गेल्यावर, हे काकाच आता दुसऱ्यांना सांगतात. त्या अकरा पेट्या आम्ही भरल्या नाहीत, गावानं भरल्या.

आज आमच्या ३२ पेट्या आहेत. त्यांतल्या सात काकांच्या बांधावर. मालक आता तरुण पोरांना आग्या मोहोळही वेगळ्या रीतीनं काढायला शिकवतात. मध फांदीजवळच्या जाड भागात असतो, पिलं खालच्या भागात. तेवढाच वरचा भाग कापायचा, पिलं ठेवायची, जाळ लावायचा नाही. अंगावर जाळीचे कपडे आणि कमरेला पक्का दोर असल्याशिवाय ते कुणाला झाडावर चढू देत नाहीत. का, ते तुम्हाला कळलं असेल. ते पोरांना हेही सांगतात की २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण ही गौण वनउपज आहे, तिच्यावर आपला हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून सगळं ओरबाडायचं नाही.

मुलगी नर्स झाली. एका रुग्णालयात काम करते. पेट्या रिकाम्या झाल्याचं आम्ही तिला कळवलंच नव्हतं. ती दिवाळीला आली तेव्हा आंब्याखाली जाऊन आली आणि मला म्हणाली, "आई, अकरा घरं माझ्या फीमध्ये गेली." मी म्हटलं, तुझा काय दोष, निर्णय माझा होता. पण तिनं ते लक्षात ठेवलं. तिच्या पहिल्या पगाराचं मला लुगडं आणलं नाही. जूनच्या आधी २० किलो साखर घरी पाठवली. आणि निरोप, "पावसाळ्यासाठी. दुसऱ्या कशाला वापरायची नाही." तेव्हापासून दरवर्षी ती साखर येते. आम्ही पाक करून अडलेल्या पेट्यांना घालतो. पाकावर जमलेला मध आम्ही विकत नाही. तो त्यांचा त्यांनाच.

सासरे २०२३ च्या भाद्रपदात गेले. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं. पण संध्याकाळी विचारायचे, "पराग जातोय का?" आम्ही म्हणायचो, जातोय बाबा. आता त्यांच्या जागेवर सासूबाई बसतात. त्यांना दिसत कमी, पण कान चांगले. पेटीला कान लावून सांगतात, ही बरी आहे, हिच्यात काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा बरोबर असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. तुम्ही लोक आम्हाला मदत करता. कुणी पेट्या देतं, कुणी यंत्र देतं. त्याचे उपकार आहेत. पण पेटी म्हणजे शिलाई मशीन नव्हे, की दिली आणि चालू झाली. तिच्यात जीव असतो. आमच्या पहिल्या तीन पेट्या गेल्या, कारण नंतर विचारायला कुणी नव्हतं. आमच्या घरात सासरे होते म्हणून आम्ही तरलो. प्रत्येक घरात असा माणूस नसतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, दहा घरांना पेट्या देण्याऐवजी पाच घरांना द्या. आणि उरलेल्या पैशांत गावातल्याच एखाद्या जाणत्या माणसाला दोन पावसाळे त्या घरांकडे फिरायला ठेवा. त्यात थोडे पैसे साखरेचेही धरा. पेट्या वाटताना कुणीही येतं. श्रावणात चिखल तुडवत कोण येतं, त्यावर सगळं ठरतं.

आणि घरात फी, दवाखाना, लग्न असं काही निघालं, की माणसाचा हात सगळ्यात आधी पेटीकडे जातो. माझा गेला. तेव्हा गटाकडे दहा-पंधरा हजारांची सोय असेल तर कुणाला पावसाळ्याचा मध काढावा लागणार नाही. आमच्या बचत गटानं आता तशी रक्कम बाजूला ठेवली आहे. मृगात मध काढू नये म्हणून दिलेलं कर्ज, असं आम्ही त्याला म्हणतो. आतापर्यंत तीन घरांनी घेतलं, तिन्ही घरांनी फेडलं.

विकत घेणाऱ्यांना एक विनंती. आमचा मध थंडीत थिजतो, रवाळ होतो. तो साखर घातल्यामुळं नाही, मधाचा तो स्वभावच आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवा. आणि श्रावणात फोन करून मध मागू नका. आम्ही नाही म्हणू. तेव्हा मध असतो, पण तो आमचा नसतो.